मार्लाचा सिनेमा

मार्लाला जाऊन चार महिने झाले आणि म्युझियममध्ये तिनं काढलेला सिनेमा लागला. आयुष्यभर ती बॉवरी रस्त्यावरच्या पंक संगीताच्या बारमध्ये आमच्या पलंगाची चादर टांगून सिनेमे दाखवायची. लोक शिव्या घालायचे, चादरीवर बिअर फेकायचे, आणि ती रंगात येऊन त्यांच्याशी भांडायची. ज्या रात्री कुणी काहीच बोललं नाही, त्या रात्री तिला झोप लागायची नाही. इथे मऊ खुर्च्यांत सगळे प्रार्थनेला बसल्यासारखे गप्प होते. मला राहवेना. मी उठून पडद्याकडे बघत ओरडलो, "ए बाई, कॅमेरा धरता येत नाही तर घरी जा." कुणी उलट ओरडलं नाही. दारावरची बाई जवळ येऊन कुजबुजली, "सर, फार मोठ्या कलाकार होत्या हो त्या." "माझी बायको होती ती." "मग तर तुम्ही शांत बसायला हवं," ती इतक्या मायेनं म्हणाली, की मला तिच्याशी भांडताही येईना.