आतून कडीची खोली

लग्नाआधीच्या कराराच्या अटी ठरवायला वकीलबाईंनी मृण्मयी आणि निहार दोघांच्या मनांच्या प्रती यंत्रात भांडायला बसवल्या होत्या. तासाभरात मसुदा तयार झाला.

"नवरा मुलगा फारच समजूतदार आहे हं," वकीलबाई हसून म्हणाल्या. "मृण्मयी, तुझ्या प्रतीने तोंड उघडायच्या आधीच त्याच्या प्रतीने तुला आतून कडीची स्वतंत्र खोली देऊन टाकली."

मृण्मयी चमकली. अशी खोली हवी असल्याचं ती आजवर कुणाजवळच बोलली नव्हती. तिची प्रत मात्र विचारलं की सगळंच सांगून टाकणारी होती.

"निहार, माझी प्रत तू गुपचूप आधीच बनवली आहेस ना?"

निहारने मान खाली घातली.

"मला मागणी घालण्याआधी तिला किती वेळा विचारून पाहिलंस?"

"ती हो म्हणेपर्यंत."