शंभरावा दिवस

चार वाजले तशी ऑरिनने रांगेच्या शेपटाला साखळी लावली. साखळीच्या आत जेवढी माणसं असतील तेवढी वर पोचवायची आणि मग तारेवरच्या खुर्च्यांची ही लिफ्ट बंद करायची, हा या डोंगराचा जुना शिरस्ता. आज आत दोनशेवर माणसं होती. आणि सगळ्यांत पुढे, खांबाला मिठी मारून, लव्हॉनबाई उभ्या होत्या.

पायथ्याच्या खानावळीत सूप वाढणाऱ्या लव्हॉनबाई! एकतीस हिवाळे ऑरिन त्यांच्या हातचं जेवत आला होता, पण त्यांच्या पायात बर्फावर घसरायच्या स्की तो आजच बघत होता. त्याही भाच्याच्या, दीड वीत जास्तच लांब.

"बसताय ना?" त्यानं विचारलं.

"बसते रे. घाई काय आहे? ही पोरं जाऊ देत आधी. व्हा रे पुढे!"

पोरं पुढे झाली. दोघांची खुर्ची मागून आली, त्यांना उचलून वर घेऊन गेली. मागच्यांनाही बाईंनी तसंच पुढे काढलं, त्यांच्याही मागच्यांना.

रांगेत बडबड चालली होती.

"बर्फ बघ, अजून कमरेएवढा. सकाळी काच होती, आता कसा मक्याच्या कण्यांसारखा सुटलाय. आणि म्हणे मोसम संपला!"

"उत्तरेकडचा डोंगर मेपर्यंत चालू आहे. आपला मोसमाचा पास चालतो तिथं."

"चार तास गाडी हाकून? पासावर बावन्न डोंगर आणि घरचाच नाही. घाल चुलीत तो पास!"

ऑरिनने मान खाली घातली. पास विकणारी कंपनी तीच, डोंगर चालवणारीही तीच आणि त्याला पगार देणारीही तीच. गावाशी तिचा करार होता: मोसमात शंभर दिवस लिफ्ट चालली तर पुढचा मोसम चालवायचा, नाही चालली तर डोंगर कायमचा बंद करायला कंपनी मोकळी. दिवस धरायचा तो सहा तासांचा. नव्व्याण्णव भरले होते. आज शंभरावा होता, आणि आजच सकाळी कंपनीला बर्फ फार कडक वाटला. लिफ्ट सुरू झाली अकराला. अकरा ते चार किती तास होतात, हे शाळेतलं पोरही सांगेल. गावाच्या तोंडाला पानं पुसायची एवढी सोपी युक्ती ऑरिनने उभ्या जन्मात पाहिली नव्हती. त्याला संताप आला होता. पण दुसऱ्या डोंगरावर कायमची जागा देऊ, असं कंपनीनं त्याला लेखी कळवलं होतं. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार?

चार पंचवीसला रांगेत फक्त लव्हॉनबाई उरल्या. साखळीपलीकडे मात्र गर्दी वाढली होती. वर गेलेले घसरत खाली येत होते आणि घरी जायचं सोडून तिथंच थांबत होते.

व्यवस्थापक ट्रेंट तरातरा आला. याच हिवाळ्यात शहरातून आलेला, तिशीतला, कपड्यांची घडीही न मोडलेला.

"बाई, किती वेळ? बसा, नाहीतर बाहेर व्हा."

"साखळीच्या आत आहे मी, साहेब. तुमचाच नियम."

"मग बसा!"

"बसते की."

आणि खरंच बसल्या. खुर्ची मागून आली, बाईंनी धप्पकन अंग टाकलं आणि पाय हवेत लोंबकळत वर निघाल्या. गर्दीतून शिट्ट्या आल्या. ट्रेंट हसला. "बारा मिनिटं. त्या वर उतरल्या की बंद करा."

बारा मिनिटांनी ऑरिनच्या खोपटीत वरच्या ठाण्यावरून फोन आला. त्यानं ऐकलं आणि फोन हळूच ठेवला.

"काय झालं?"

"उतरल्या नाहीत. त्याच खुर्चीवरून खाली येतायत. म्हणतात, स्की कुठे येतंय मला?"

"येत नाही? मग वर कशाला गेल्या?"

खुर्चीवर माणूस असताना लिफ्ट मध्येच बंद करता येत नव्हती, हे ट्रेंटलाही ठाऊक होतं. तो पाय आपटत उभा राहिला. "ठीक आहे. इथं आल्या की थांबवा, उचलून खाली घ्या आणि संपवा एकदाचं."

पाचला दहा मिनिटं असताना लव्हॉनबाई आल्या. थंडीनं नाक लालभडक, दोन्ही हातांनी खुर्चीचा दांडा आवळलेला. ऑरिनने लहान मुलांसाठी करतात तसा वेग अगदी कमी केला.

"बटण दाबा!" ट्रेंट ओरडला. "ऑरिन, नोकरी हवी आहे ना? दाबा!"

ऑरिनचा हात तांबड्या बटणावर होता. बाई त्याच्याकडेच बघत होत्या. दांडा काही सुटला नव्हता.

"उतरायचं का, लव्हॉनबाई?"

"मला कुठं उतरता येतं रे? एकतीस वर्षांत शिकवलंस कधी?"

ट्रेंट बटणाकडे धावला. ऑरिन वळून मध्ये उभा राहिला. उभं राहिलं की सगळी खोपटी भरून जावी, असा त्याचा देह. बटणावरचा हात त्यानं काढून खिशात घातला. बाईंची खुर्ची हळूहळू वळून पुन्हा वर निघाली.

"चुकलंच माझं," तो म्हणाला. "पाच वाजल्यावर शिकवतो."