पाठ टेकली!

लेकीची पाठ मॅटला टेकली आणि प्रेक्षकांत बसलेल्या बाजीराव वस्तादांनी उपरण्यात तोंड लपवलं. सगळा जन्म कोल्हापूरच्या तालमीत गेलेला. पाठ टेकली की कुस्ती गेली, एवढंच त्यांना ठाऊक. जुजित्सूच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेची अंतिम लढत, त्यासाठी पार बँकॉकपर्यंत आलेलं, आणि पोरगी अशी चीतपट!

शेजारी तिचे सर मात्र ओरडत होते, "प्रणाली, हात सोडू नकोस! आवळ!"

"हरलेल्या पोरीला कशाला छळताय?" वस्ताद उपरण्याआडूनच करवादले.

तेवढ्यात टाळ्यांचा कडकडाट झाला. सरांनी त्यांना गदागदा हलवलं. "वस्ताद, वरच्या पोरीनं मॅटवर हात थोपटून हार मानली! आपलीनं खालून हात आवळला तिचा. सुवर्णपदक!"

"पण पाठ टेकली हुती की!"

"इथं चालते."

पदक गळ्यात घालून प्रणाली धावत आली, तेव्हा वस्ताद फोनवर बायकोला सांगत होते, "अगं, पोरगी चीत झाली... रडतीस काय? जिंकली! कसं ते मला इचारू नगंस, आधी पेढं वाट. आन तालमीतल्या पोरांस्नी सांग, आल्यावर उताणं पडायला शिकिवणार हाय!"