ड्युटीवर कोण होतं

"भाभी, पुन्हा तेच सांगते," समिधा वकील म्हणाली. आता तिचाही आवाज थकला होता. "दहशतवादी हल्ल्यात गेलेल्याच्या घरच्यांना फंडातून भरपाई द्यायची, असा कायदा आहे. पण हल्ल्यात हात असल्याचा संशय ज्याच्यावर आहे, त्याला नाही. रेकॉर्डप्रमाणे मोहिद्दीनची त्या दिवशी ड्युटीच नव्हती. मग ते डेपोत काय करत होते?"

कुलसुमला वर्षभर हाच प्रश्न आणि जुमेरा लेक टॉवर्समधलं हेच थंडगार ऑफिस. डेपोवर ड्रोन पडलं, नवरा गेला आणि वर तोच संशयित ठरला. पैशांवर तिने एक वेळ पाणी सोडलं असतं. पण डिस्कव्हरी गार्डन्समधल्या शेजारणी आता आपल्या पोरींना तिच्या लेकीबरोबर, मुनिबाबरोबर खेळू देत नव्हत्या. मेल्या माणसाचं नाव कोण धुऊन देणार?

बाजूच्या खुर्चीत गणू मान खाली घालून बसला होता. तो मोहिद्दीनच्या गावचा आणि त्याच्याच डेपोतला. त्याने आधीच जबाब दिला होता. ड्युटी माझी होती, हल्ल्याच्या वेळी मी चहाला बाहेर गेलो होतो, मोहिद्दीन तिथे कसा आला माहीत नाही. हजेरीच्या कार्डाचा घोळ निघाला तर नोकरी आणि व्हिसा दोन्ही जाणार, हे डेपोतलं शेंबडं पोरही सांगेल. आणि गावाला गणूचं घर जोत्यापर्यंतच आलं होतं.

"गणू, अजून काही आठवतंय?"

"नाही मॅडम."

कुलसुम उठली. "खलास, मॅडम. आता मी नाही येत. कंपनीवरसुद्धा माझा राग नाही. ईदला बाकीच्यांना नमाजेपुरतं सोडायचे, ह्यांना मात्र दर ईदला अख्खा दिवस द्यायचे. मग हे मुनिबाला घेऊन समुद्रावर जायचे. कुणाची मेहेरबानी होती, ते कधी बोलले नाहीत."

ती दारापर्यंत पोचली. गणू खुर्चीवरून उठला.

"नीट विचार करून बोला," समिधा त्याला घाईने म्हणाली. "स्टेटमेंट बदललंत तर इथे राहता येणार नाही."

"मेहेरबानी नव्हती, भाभी," गणू म्हणाला. त्याला रडू आवरत नव्हतं. "ईदला मोहिद्दीनभाईचं कार्ड मी मारायचो, त्यांची ड्युटी करायचो. गणपतीला माझी ते करायचे. त्या दिवशी चतुर्थी होती."