अनुभवाचा दाखला

दत्तू पवार अकरा वर्षं आमच्या शाळेची व्हॅन चालवत होता. त्र्याण्णव साली आमच्या या हिंदी मुलखातल्या शहरात, माधव नगरात एका फायनान्स कंपनीचं ऑफिस उघडलं आणि हप्त्यांवर ट्रक मिळायला लागले. अट होती पाच वर्षं ट्रक चालवल्याच्या अनुभवाची.

दत्तूनं कधी ट्रक चालवला नव्हता. लायसन्स तेवढं काढून आणलं होतं.

"सर, तुम्ही लिहून दिलंत तर काम बनून जाईल. मीपण गाडीमालक होईन."

मी मुख्याध्यापक. शाळेच्या लेटरहेडवर लिहून दिलं की यानं पाच वर्षं आमचा ट्रक चालवला. शाळेकडे ट्रक कधी नव्हताच.

चौथ्या महिन्यात मुंबईच्या वाटेवर, घाटाच्या उतारावर भरलेला ट्रक त्याला आवरला नाही. दत्तू वाचला, पण उजवा पाय कापावा लागला.

मी दवाखान्यात गेलो, तर तोच मला धीर द्यायला लागला. "सर, कंपनीवाले आले होते. दाखला खोटा आहे म्हणाले. मी सांगून टाकलं, लेटरहेड मी चोरलं, सहीपण मीच मारली. तुमच्या रिटायरमेंटला सहा महिने राहिलेत. तुम्ही बिलकुल मध्ये पडू नका."

मी त्याचा हात हातात घेतला. असं होऊ देणार नाही, असं म्हणायचं होतं. म्हणालो नाही.

आठवड्याभरानं शाळेत पोलीस आले. हवालदारानं दाखला माझ्यासमोर ठेवला.

"सर, ये साइन आपकी है?"

मी चष्मा लावला, सही नीट पाहिली आणि म्हणालो, "नहीं."