ज्याची त्याची पट्टी

सुई पुन्हा बोटात घुसली. गवंड्याने बोट तोंडात धरलं आणि पट्टीवर रक्त लागलं नाही ना, ते उजेडात नेऊन पाहिलं. पट्टी स्वच्छ होती. चौकटीच्या कापडाची, म्हणजे थोरल्याची.

ही बायकोची रीत. नाताळच्या भेटींवर ती कधी नावं लिहीत नसे. मुलांच्या लहानपणीच्या कपड्यांचे तुकडे तिने एका डब्यात जपून ठेवले होते. त्यांच्या बोटभर रुंद पट्ट्या शिवायच्या, टोकाला बंद लावायचा आणि पुडक्याला बांधायच्या. चौकटी थोरल्याच्या, पिवळी फुलं मुलीची, निळे पट्टे धाकट्याचे. मुलं मोठी झाली, त्यांना मुलं झाली, तरी ज्या त्या घराचं कापड तेच राहिलं. उन्हाळ्यात ती गेली. डबा राहिला.

तिचे टाके म्हणजे मुंग्यांची रांग. याचे म्हणजे दारुड्याची चाल. जन्मभर ओळंबा लावून भिंती उभ्या केल्या, आणि आता वीतभर कापडावर सरळ रेघ साधेना. तरी त्याने ढीगभर पट्ट्या शिवल्या. यंदा कशातही उणं राहायला नको होतं. घरमालकाला वर्षअखेर जागा रिकामी करून हवी होती. लोकांची घरं बांधण्यात आयुष्य गेलं, आपलं छप्पर मात्र भाड्याचंच राहिलं. आपण पुढे कुठे राहायचं, हे त्याने फोनवर तिघांनाही विचारलं होतं. तिघंही म्हणाली, नाताळला येतोच आहोत, तेव्हा बसून बोलू.

नाताळला तिघं आली. मफलरची पुडकी ज्याच्या त्याच्या हातात पडली. मुलीने पिवळी पट्टी गालाला लावली, डोळे पुसले. अगदी आईसारखी केलीत, म्हणाली. ते खरं नव्हतं, तरी त्याला बरं वाटलं. आता विषय निघेल म्हणून तो खुर्चीत सावरून बसला.

विषय निघाला. उरलेल्या पट्ट्यांचा ढीग पाहून धाकट्याला एकदम सुचलं. परवा टेम्पो येणार. सामान वाटून घ्यायचंच आहे, तर ज्याला जे हवं त्याला त्याने आत्ताच आपली पट्टी बांधून टाकावी. मागाहून भांडणं नकोत.

सगळ्यांना पटलं. कपाटाला पिवळी फुलं लागली, पलंगाला निळे पट्टे. शिलाई मशीनवरून दोघा भावांत थोडी जुंपली, शेवटी आईचं मशीन लेकीचंच असं ठरलं. पातेल्यांच्या कड्यांतून बंद ओवले गेले. भिंतीवरचं घड्याळ उतरवून त्यालाही पट्टी बांधली, तेव्हा ते चालूच होतं.

आणि मी, हे गवंड्याच्या ओठांवर आलं होतं. पण आपल्याच पोरांना माणसाने किती वेळा विचारायचं? बंद त्याने पक्के शिवले होते. एकही तुटला नाही.

"बाबा, जरा उठता?" थोरला म्हणाला.

तो उठला. थोरल्याने खुर्चीच्या पाठीला चौकटीची पट्टी बांधली आणि बसा आता, म्हणाला. तो बसला. पट्टीचं टोक खुर्चीच्या पाठीवरून घसरलं आणि त्याच्या खांद्यावर येऊन पडलं.

मुलीचं तिकडे लक्ष गेलं. "अगंबाई, बाबांना दादाने घेतलं वाटतं."

सगळे हसले. गवंडीही हसला. हसता हसता त्याने मान वर करून थोरल्याकडे पाहिलं. खांदा मात्र जराही हलू दिला नाही.

थोरला पुढे आला. त्याने खांद्यावरची पट्टी उचलली, गाठ सोडली आणि खाली वाकून ती खुर्चीच्या पायाला बांधली.