भागिले किती?

"भागिले किती?" बाईंनी खडू फळ्यावर आपटला. त्याचे दोन तुकडे झाले.

शाळा कधीच सुटली होती. वर्गात दोघीच होत्या, गणिताच्या बाई आणि मुंगी. चण लहान आणि लिहिणं सावकाश, म्हणून सगळा वर्ग तिला मुंगी म्हणायचा.

"पाच?" मुंगी पुटपुटली.

"मला काय विचारतेस? धावांची सरासरी काढायचीय. संघात पाच खेळाडू, त्यातला एक आलाच नाही. मग?"

"त्याचं शून्य धरायचं?"

"डोकं फिरलंय का तुझं! जो आलाच नाही, तो मोजायचा नाही. भागिले चार. पायरी लिही!"

मुंगीने खालमानेने पायरी लिहिली.

बाई कंत्राटी होत्या. वार्षिक परीक्षेत गणितात वर्गाची सरासरी साठ आली तरच पुढच्या वर्षी या, असं मुख्याध्यापकांनी त्यांना ऐकवलं होतं. स्वतः ते कधी वर्गात फिरकायचे नाहीत. त्यांच्यासमोर बाईंनी राग गिळून मान डोलावली होती. तो सगळा राग आता मुंगीवर निघत होता.

"हे बघ." बाईंनी आपल्याच वर्गाचं उदाहरण मांडलं. "सराव परीक्षेत बाकी दहा जणांची बेरीज सहाशे दहा. तुझे वीस. एकूण सहाशे तीस, भागिले अकरा. जेमतेम सत्तावन्न! तुला पन्नास पडले, तर साठ होतात. नाही तर माझी नोकरी गेली. कळलं?"

"हो, बाई."

त्यानंतर मुंगीने एकही दिवस चुकवला नाही. चढता क्रम लावायची विसरली, की बोलणी खायची. मध्यक चुकला, की पुन्हा खायची. रडून झालं, की फ्रॉकला नाक पुसून पुढचं गणित घ्यायची. बाई चिडल्या तरी डब्यातली अर्धी पोळी तिच्यापुढे सरकवायच्या. निघताना मुंगी रोज विचारायची, "उद्या येऊ ना, बाई?"

परीक्षेच्या आदल्या दिवशी बाईंनी शेवटचा सराव पेपर तपासला. बेचाळीस.

"आठ कमी!" बाई कडाडल्या. "इतकं रक्त आटवलं आणि आठ मार्कांसाठी घरी बसवणार तू मला!"

मुंगी रडली नाही. फळ्याकडे बघत राहिली. त्या दिवशी तिने उद्याचं काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी पेपर सुरू झाला आणि मुंगीचा बाक रिकामाच राहिला.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भित्री कुठली! पस्तीसला पास होतात. बेचाळीस पडले असते तरी कार्टीचं वर्ष वाचलं असतं. पेपर संपताच त्या तडक तिच्या घरी गेल्या.

आई शिवणयंत्रावर होती. ती गडबडीने उठली. "बाई, तुम्ही? आज पेपर नाही म्हणाली ही."

मुंगी आईच्या मागे उभी होती.

"का आली नाहीस?" बाईंचा आवाज चिरकला. "अक्कल गहाण टाकलीस का? बोल!"

"ओरडू नका ना, बाई. पायऱ्या सांगते." मुंगी पुढे आली आणि एकदाही न अडखळता म्हणाली, "पहिली पायरी, दहा जणांची बेरीज सहाशे दहा. दुसरी पायरी, जो आलाच नाही तो मोजायचा नाही, म्हणून भागिले दहा. उत्तर एकसष्ट. बरोबर आलं ना, बाई?"